जीआरपीसीचा सेटअप: प्रोटोसी, बफ आणि बाकीची हत्यारं, कोल्हापुरातल्या छोट्या टीमचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. जीआरपीसी, म्हणजे एका मशीनवरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलवायची गूगलची सोय, स्वतः पाचपैकी पाच. त्याचा सेटअप प्रत्येक लॅपटॉपवर प्रोटोसी हा त्याचा कंपायलर हातानं बसवून केला तर पाचपैकी दोन, आणि बफ हे तेच काम करणारं टूल घेऊन केला तर साडेचार. एवढा फरक का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, पण ज्याला हे बसवायचंय त्यानं वाचावं, कारण ट्युटोरियल बघून हॅलो वर्ल्ड सगळ्यांचंच चालतंय, खरी परीक्षा शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर तोच कोड तसाच चालतो का यात असते.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, टीम छोटी, आणि काम सगळं फौंड्रीवाल्यांचं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शॉप फ्लोअरला एक छोटा बॉक्स बसतोय, तो भट्टीचं तापमान, वीज किती गेली, कुठल्या हीटमधनं (भट्टीच्या एका वितळणीतनं) किती कास्टिंग निघाली, त्यातली रिजेक्ट किती, असली माहिती गोळा करून सर्व्हरला धाडतोय. बॉक्सवरचा आणि सर्व्हरवरचा कोड गो भाषेत, रिपोर्ट पायथनमधे. पूर्वी हे सगळं जेसनवर, म्हणजे नाव आणि किंमत अशा साध्या मजकुरावर चालायचं आणि त्यात एकानं फील्डला टेम्प नाव दिलं, दुसऱ्यानं टेम्परेचर वाचलं की रिपोर्टचा रकाना रिकामा आणि एरर कुठंच नाही, मग बसा शोधत.

जीआरपीसीत हा प्रकार मुळातच बंद होतोय. कुठलं फंक्शन, त्याला काय द्यायचं, परत काय येणार हे सगळं एका डॉट प्रोटो फाईलमधे लिहायचं आणि त्यातनं गो चा, पायथनचा, लागेल त्या भाषेचा कोड जनरेट करायचा. फौंड्रीतल्या माणसाला सांगायचं तर डॉट प्रोटो म्हणजे पॅटर्न, मोल्ड कितीही पाडा, माप पॅटर्नचंच येणार. लांबच्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधलं असल्यासारखं बोलवायचं ही कल्पना (आरपीसी, म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉल) तशी जुनीच, झेरॉक्स पार्कमधल्या बिरेल आणि नेल्सन यांचा त्यावरचा गाजलेला पेपर १९८४ चा, नंतर सन कंपनीचं आरपीसी आलं, कोर्बा आलं, सोप आलं. गूगलनं घरात स्टबी नावाची स्वतःची सिस्टिम चालवली आणि त्या अनुभवावर २०१५ ला जीआरपीसी सगळ्यांसाठी खुलं केलं. खाली एचटीटीपी टू, माहिती बांधायला प्रोटोबफ हा गूगलचाच फॉरमॅट, जो २००८ पासनंच ओपन सोर्स आहे. स्पीडबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी लिहीत नाही, आम्हाला त्याच्यापेक्षा दोन्हीकडं एकच करार असणं जास्त मोलाचं वाटतंय.

आता सेटअपकडं येऊ.

प्रोटोसी म्हणजे डॉट प्रोटो वाचणारा कंपायलर. नवीन माणूस काय करतोय, उबुंटूवर सरळ ॲप्ट इन्स्टॉल प्रोटोबफ-कंपायलर मारतोय. बसतंय, चालतंय, आणि तिथंच गडबडीचं मूळ रुजतंय, कारण उबुंटू २२.०४ मधनं मिळणारी आवृत्ती ३.१२.४ आहे आणि २४.०४ मधनं ३.२१.१२. दोन पोरांचे दोन लॅपटॉप, दोघांनीही तीच कमांड मारली, आणि हातात कंपायलर मात्र वेगवेगळे.

याचा त्रास कुठं होतोय ते एका उदाहरणावर दाखवतो, कारण वरवर सांगून हे डोक्यात बसत नाही. आमच्या मेसेजमधे रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा आकडा जातोय. प्रोटो३ मधे (डॉट प्रोटो लिहायच्या भाषेची ही आवृत्ती) साध्या आकड्याच्या फील्डची किंमत शून्य असली तर ती वायरवर, म्हणजे नेटवर्कवरनं, पाठवतच नाहीत, पलीकडं ती आपोआप शून्य म्हणून वाचली जाते. आता विचार करा, रिजेक्शन शून्य म्हणजे मालकाच्या दृष्टीनं सगळ्यात भारी बातमी, आणि सुपरवायझरनं आकडा भरलाच नाही म्हणजे साफ वेगळी गोष्ट, पण सर्व्हरला दोन्ही एकसारखंच दिसतंय. भरलाच नाही तिथं रिजेक्शन शून्य असा रिपोर्ट मालकापुढं गेला तर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार. यावर उपाय सोपा आहे, फील्डच्या पुढं ऑप्शनल लिहायचं, मग फील्ड भरलं होतं का नव्हतं हे पलीकडं विचारता येतंय. पण ३.१२ मधे हे ऑप्शनल प्रयोगाच्या अवस्थेत होतं, एक्सपेरिमेंटल अलाउ प्रोटो३ ऑप्शनल असा लांबलचक फ्लॅग दिल्याशिवाय प्रोटोसी फाईल घेतच नाही, ३.१५ पासनं मात्र फ्लॅगबिग काही लागत नाही. म्हणजे २४.०४ वाल्याकडं एका फटक्यात चालणारी फाईल २२.०४ वाल्याकडं एरर देणार, आणि तो बिचारा फाईलमधली चूक शोधत बसणार जी फाईलमधे नाहीच. एवढ्यासाठी मी म्हणतो की प्रोटोसी ॲप्टमधनं घेऊ नका, गिटहबच्या रिलीज पानावरनं ठरलेल्या आवृत्तीची झिप घ्या, बिन आणि इन्क्लूड दोन्ही फोल्डर जागेवर टाका. इन्क्लूड विसरलं की टाइमस्टॅम्पसारखे तयार टाइप सापडत नाहीत म्हणून ओरडतंय.

गो वाल्यांना वर दोन प्लगइन लागतात, प्रोटोसी-जेन-गो आणि प्रोटोसी-जेन-गो-जीआरपीसी, दोन्ही गो इन्स्टॉलनं बसतात. बसून सुद्धा "प्रोग्रॅम नॉट फाउंड ऑर इज नॉट एक्झिक्युटेबल" आलं तर गोपाथच्या आतलं बिन फोल्डर पाथमधे (सिस्टिम कमांड शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) नाही, एवढंच असतंय. डॉट प्रोटोमधे गो-पॅकेजची ओळ लागते, आणि जनरेट करताना पाथ्स इज इक्वल टू सोर्स रिलेटिव्ह दिलं की फाईली भलत्याच खोल फोल्डरात जाऊन पडत नाहीत. गो १.२४ पासनं गो डॉट मॉडमधेच टूलची नोंद करता येते, त्यामुळं प्लगइनची आवृत्तीही रेपोबरोबर (गिटमधल्या कोडबरोबर) फिरते, ही सोय मनापासनं आवडली.

एक सावधगिरी, गो च्या जुन्या ट्युटोरियलमधे सर्व्हरला जोडायला डायल आणि विदइन्सिक्युअर दिसेल, ते मागं पडलंय. आता न्यूक्लायंट वापरा, आणि लक्षात ठेवा की न्यूक्लायंट लगेच कनेक्ट करत नाही, पहिला कॉल गेला की मग करतंय, त्यामुळं सर्व्हर बंद असताना क्लायंट बिनतक्रार तयार झाला तरी घाबरू नका.

पायथनकडं बसवणं त्याहून सोपं, पिप इन्स्टॉल जीआरपीसीआयओ-टूल्स केलं की प्रोटोसी आतच येतंय, वेगळं काही नको. पण आवृत्त्यांची कटकट इथं जास्त आहे. २०२२ ला पायथनचं प्रोटोबफ ३.२० वरनं एकदम ४.२१ वर गेलं आणि जुन्या प्रोटोसीनं जनरेट केलेल्या फाईली "डिस्क्रिप्टर्स कॅनॉट बी क्रिएटेड डायरेक्टली" म्हणून बंद पडायला लागल्या, नेटवर आजही लोक त्यावर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सुचवतात, त्यानं चालतंय पण शुद्ध पायथनवर गेल्यामुळं भलतंच हळू होतंय. फाईली नव्यानं जनरेट करा हाच खरा इलाज. अलीकडं जनरेट झालेली जीआरपीसीची फाईल स्वतःच तपासते की बसवलेलं जीआरपीसीआयओ (पायथनचं जीआरपीसी पॅकेज) आपल्यापेक्षा जुनं तर नाही, असेल तर सरळ थांबते. मला हे पटतं, उगं अर्धवट चालण्यापेक्षा पहिल्याच ओळीला थांबलेलं बरं. दुसरी खोड म्हणजे जनरेट झालेल्या फाईली एकमेकींना सरळ नावानं इम्पोर्ट करतात, तुम्ही त्या पॅकेजच्या आतल्या फोल्डरात ठेवल्या की मॉड्यूल सापडत नाही. त्यावर लोक सेड कमांडनं फाईल बदलतात, ते करू नका, इन्क्लूड पाथ आणि प्रोटोचं फोल्डर पॅकेजच्या नावाशी जुळवून घ्या, इम्पोर्ट आपसूक बरोबर येतोय.

आता बफ. भावांनो, हे हत्यार म्हणजे खरंच नाद खुळा आहे. एकच बायनरी, त्याच्या आतच कंपायलर, प्रोटोसी लागतच नाही. बफ डॉट यामलमधे प्रोटो कुठं आहेत ते लिहायचं, बफ डॉट जेन डॉट यामलमधे कुठल्या भाषेचा कोड कुठं टाकायचा आणि कुठल्या आवृत्तीच्या प्लगइननं ते लिहायचं, मग बफ जनरेट एवढी एकच कमांड. नवीन पोरगं जॉइन झालं की रेपो क्लोन, बफ जनरेट, कामाला लागला. आवृत्त्या फाईलमधे लिहिलेल्या असल्यामुळं तुझ्याकडं कुठली माझ्याकडं कुठली हा विषयच संपतोय.

त्यातली बफ ब्रेकिंग ही कमांड तर एकटीच पैसे वसूल आहे, म्हणजे कमांडलाइनचं हे टूल फुकटच आहे, पण म्हणायचं झालं तर. गिटमधल्या मेन ब्रँचशी ती तुमचा बदल ताडून बघते, कुणी फील्डचा नंबर बदलला, टाइप बदलला, फील्ड उडवलं, की लगेच सांगते. प्रोटोबफमधे वायरवर नाव जात नाही, नंबर जातोय, त्यामुळं नंबर हलला की जुना बॉक्स आणि नवीन सर्व्हर एकमेकांचं भलतंच वाचणार, आणि आमचे बॉक्स फौंड्रीच्या पॅनेलात बसलेत, रोज जाऊन अपडेट करण्यातले नाहीत. फील्ड काढायचंच असेल तर त्याचा नंबर रिझर्व्ह्ड म्हणून लिहून ठेवायचा म्हणजे पुढं कुणी तो परत वापरणार नाही. जाता जाता, १ ते १५ नंबरांना टॅगसाठी एकच बाइट लागतोय, म्हणून दर मेसेजला जाणारी फील्डं तिथं ठेवा.

बफ लिंट, म्हणजे डॉट प्रोटोचं लिखाण तपासणारी कमांड, जरा कडक मास्तर आहे, सर्व्हिसच्या नावाच्या शेवटी सर्व्हिस पाहिजे, ईनमची (ठरलेल्या किमतींच्या यादीची) शून्याची किंमत अनस्पेसिफाइड पाहिजे, पॅकेजच्या शेवटी व्ही१ पाहिजे. आमच्यातल्या काहींना सुरवातीला जाच वाटला, मला मात्र हे नियम योग्यच वाटतात, व्ही१ तर नक्कीच.

मग अर्धा मार्क का कापला? बफ जनरेटला रिमोट प्लगइन वापरले तर ते त्यांच्या सर्व्हरवर चालतात, म्हणजे नेट पाहिजे, शिवाय लॉगिन नसेल तर वापरावर मर्यादा आहे. पावसाळ्यात आपल्याकडं नेटची काय हालत होते हे मी वेगळं सांगायला नको. आम्ही म्हणून लोकल प्लगइन ठेवलेत, आणि जनरेट झालेला कोड सरळ गिटमधे कमिट करतो. यावर वाद घालणारे भरपूर आहेत, रेपो फुगतोय म्हणतात, पण छोट्या टीमला नेट नसताना बिल्ड चालणं जास्त महत्त्वाचं.

टेस्टिंगसाठी जीआरपीसी-कर्ल, म्हणजे टर्मिनलवरनं कॉल करायचं टूल, पाहिजेच पाहिजे. सर्व्हरमधे रिफ्लेक्शन (आपल्याकडं काय काय आहे ते सर्व्हरनं स्वतः सांगायची सोय) चालू करायचं, एका ओळीचं काम आहे, मग लोकलहोस्टच्या ५००५१ पोर्टवर लिस्ट मारलं की सगळ्या सर्व्हिसेस दिसतात आणि जेसन लिहून कॉल करता येतोय. मायनस प्लेनटेक्स्ट विसरलं की टीएलएस (एन्क्रिप्शनच्या) हँडशेकबद्दल एरर येतो, नवीन पोरं हमखास इथं अडकतात. आणखी दोन गोष्टी, शून्य किंवा रिकामी किंमत असलेली फील्डं ते दाखवत नाही, बघायची असतील तर मायनस एमिट-डिफॉल्ट्स लावायचं, आणि इंट६४ चे आकडे अवतरण चिन्हात येतात, तो बग नाही, जेसनचा नियमच तसा ठरलाय. टर्मिनल नको असलेल्यांना पोस्टमनमधे जीआरपीसी चालतंय, ठीक आहे. रिफ्लेक्शन प्रॉडक्शनला मात्र बंद ठेवा. गो मधे युनिट टेस्टला बफकॉन नावाचं पॅकेज आहे, खरा पोर्ट न उघडता मेमरीतच सर्व्हर-क्लायंट बोलतात, टेस्ट फटाफट होतात.

ऑफिसात प्रॉक्सी असणाऱ्यांनी हे बघा: जीआरपीसी एचटीटीपी-प्रॉक्सी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मानतंय. आपल्याच मशीनवरच्या सर्व्हरला केलेला कॉल अनअव्हेलेबल येत असेल आणि बाकी सगळं बरोबर दिसत असेल तर नो-प्रॉक्सीमधे लोकलहोस्ट टाकून बघा.

डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणलं की लोक कंपायलर आणि एडिटरपर्यंत थांबतात, माझ्या मते खराब नेटवर्क हा सुद्धा सेटअपचा भाग पाहिजे. लॅपटॉपवर क्लायंट-सर्व्हर शेजारी शेजारी, सगळं मिलिसेकंदात, आणि तिकडं शिरोलीत पावसात लाइन डळमळायला लागली की खरी गंमत कळते. जीआरपीसीत डेडलाइन (उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मुदत) आपण दिली नाही तर नसतेच, उत्तर आलं नाही तर कॉल वाट बघत राहतोय, म्हणून प्रत्येक कॉलला डेडलाइन, गो मधे कॉन्टेक्स्ट विदटाइमआउट, पायथनमधे टाइमआउट. हे नीट बसलंय का तपासायला लिनक्समधेच टीसी आणि नेटेम ही नेटवर्क मुद्दाम खराब करायची हत्यारं आहेत, लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या नेटवर्कवर) ३०० मिलिसेकंद डिले आणि ५ टक्के लॉस लावायचा आणि मग ॲप चालवायचं. लूपबॅकवर हे जाताना आणि येताना दोन्हीकडं लागतंय, म्हणजे फेरी ६०० ची धरा, आणि काम झालं की नियम काढायला विसरू नका. आमच्याकडं कुठलाही बदल हे लावून चालवल्याशिवाय मर्ज होत नाही.

कीपअलाइव्हचंही, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवायच्या सेटिंगचंही, असंच. मधला राउटर गप्प बसलेलं कनेक्शन काही वेळानं सोडून देतोय म्हणून क्लायंटकडनं पिंग चालू ठेवावा लागतोय, पण सर्व्हर डिफॉल्टला ५ मिनिटांपेक्षा लवकर येणारे पिंग सहन करत नाही, टू मेनी पिंग्ज म्हणून कनेक्शनच बंद करतोय. दोन्हीकडची सेटिंग जुळवून घ्या. आणि एका मेसेजची मर्यादा डिफॉल्टला ४ एमबी आहे, दिवसभराची रीडिंग एका घासात पाठवायला गेलात की रिसोर्स एक्झॉस्टेड येणार, मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा स्ट्रीमिंग वापरा.

ब्राउझरमधनं थेट जीआरपीसी चालत नाही, ही उणीव आहे आणि ती मान्य करावी लागते. जीआरपीसी-वेब घेतलं तर मधे एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी लागतोय. मालकांच्या डॅशबोर्डसाठी आम्ही कनेक्ट नावाची लायब्ररी घेतली, बफवाल्यांनीच काढलीय, एकच हँडलर जीआरपीसी, जीआरपीसी-वेब आणि साध्या एचटीटीपीवरचं कनेक्ट असं तिन्ही बोलतोय, प्रॉक्सीचं लोढणं गेलं.

विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल टू (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घ्या आणि कोड लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवलात तर फाईली वाचायलाच वेळ जातोय. सी प्लस प्लस वाल्यांनी सोर्सवरनं बिल्ड करायचं तर सबमॉड्यूल सकट क्लोन करा, रॅम कमी असेल तर मेकला जे (एका वेळी किती कामं) १ किंवा २ च द्या, किंवा सरळ व्हीसीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर वापरा, तरी चहा पिऊन याल एवढा वेळ लागणारच.

शेवटचं इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी, कारण याबद्दल बरेचजण विचारतात. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलला अजून सनचं आरपीसी आणि त्याचा कोड जनरेट करणारं आरपीसीजेन असतंय, आणि जुनी जर्नल बघून टाइप केलं की नव्या लिनक्सवर आरपीसी डॉट एच सापडत नाही म्हणून कंपाइल होत नाही. तुमचा कोड बरोबर आहे, जीलिबसीनं (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीनं) २०२० च्या २.३२ आवृत्तीपासनं ते हेडर आतनं काढून टाकलंय. उबुंटू किंवा डेबियनवर लिबटीआयआरपीसी-डेव्ह, आरपीसीबाइंड आणि आरपीसीएसव्हीसी-प्रोटो ही तीन पॅकेजं घ्या, मेकफाईलमधे सीफ्लॅग्जला यूएसआर इन्क्लूड टीआयआरपीसी हा पाथ द्या, आणि एलडीलिब्जमधे एलएनएसएलच्या जागी एलटीआयआरपीसी लिहा. तरी सर्व्हर रजिस्टर होत नाही म्हणाला तर आरपीसीबाइंड (कुठली सर्व्हिस कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा) चालू आहे का ते सिस्टिमसीटीएलनं बघा, तो १११ पोर्टवर बसतोय. आणि आरपीसीजेनला द्यायच्या डॉट एक्स फाईलमधला प्रोग्रॅम नंबर हेक्समधल्या २००००००० पासनं पुढं घ्या, त्याच्या खालचे नंबर ठरावीक सर्व्हिसेससाठी राखून ठेवलेत.